दैवाच्या खात्यावरचे पाणी

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्मास अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत. त्यांतील पाचव्याच्या खात्यावर उरलेल्या चारांची कसूर खर्ची घालून मोकळे होण्याची मनुष्याची हौस पाहावयाची असेल, तर नांदेड-लातूरकडील एखाद्या दिवाणखान्यातली माशांची काचपेटी पुरेशी आहे. उन्हाळ्यात रात्री लाईट जाते, सकाळी फरशीवर पाणी दिसते, आणि यजमान नशिबाला बोल लावतात.

वस्तुतः प्रकार साधा आहे. पेटीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, वरचे पाणी उतरून गाळले जाते व मोटार ते पुन्हा वर चढविते. परंतु मोटार थांबली की ज्या नळीने पाणी चढले तीच वक्रनलिका बनते, आणि तिचे वरचे तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत पाणी निमूटपणे खाली येत राहते. 120 सेंटिमीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद पेटीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. नळीचे तोंड आठ सेंटिमीटर बुडालेले असेल, तर 43 लिटर पाणी उतरणार, आणि संप काठोकाठ भरलेला असेल तर ते घरभर होणार. यात वीज जाणे एवढेच दैव. उतरणे हा पाण्याचा धर्म, आणि खाली जागा न ठेवणे हा निव्वळ कर्त्याचा लोभ होय.

लातुरात तर या प्रश्नाला पापपुण्याची धार येते. मांजरा धरण आटल्यावर ज्या शहराने 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून रेल्वेने आलेले पहिले पाच लाख लिटर पाणी उतरवून घेतले, तेथे 43 लिटर सांडणे हा केवळ अपघात म्हणवत नाही. नांदेडकरांना विष्णुपुरीचा जलाशय जवळ, म्हणून त्यांना माफी आहे असेही नाही.

उपाय म्हणून दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पुढे करतात. त्यावर भिस्त ठेवणे मला परीक्षेवाचूनच्या श्रद्धेसारखे वाटते. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्याच्या झडपेवर बसतो, एखादी चिमुकली गोगलगाय फटीत अडकते, आणि झडप ऐनवेळी मिटत नाही. पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली नळीला बारीक भोक पाडले तर पातळी उतरताच तेथून हवा शिरते व ओढ तुटते. मात्र त्यातही शेवाळ धरते, म्हणून ते वरचेवर साफ करावे लागते. खरी तजवीज रिकाम्या जागेची. दिवसाउजेडी आपणच मोटार बंद करावी, वरचे पाणी उतरू द्यावे, संप काठाखाली चार बोटे थांबेल इतके पाणी काढावे, आणि मोटार पुन्हा सुरू करून पातळी जेथे स्थिरावते तेथे पेनने रेघ ओढावी. त्या रेघेवर तांब्याभरही घालू नये. अपरिग्रहाची इतकी मोजता येणारी व्याख्या अन्यत्र क्वचित सापडेल.

लाईट परत येते तेव्हाचा धोका निराळा. पेटीच्या काठावरून पाणी ओढून संपमध्ये उतरविणाऱ्या नळीत हवा अडकून तिची ओढ तुटलेली असली, तर मोटार खालचे पाणी वर लोटतच राहते आणि काचपेटीच भरून वाहते. त्यासाठी संपमधल्या मोटारीच्या कप्प्यात पेटीतल्या वरच्या मोकळ्या जागेत मावेल तेवढेच पाणी ठेवावे: मग मोटार कोरडी फिरून जळेलही, परंतु ती हानी आपण आधीच, शुद्धीवर असताना, पत्करलेली असते.