घोड्याची टीप सांगणाऱ्याचा दोष कोणता?



चारकोप येथील एका वृद्ध बंधूने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. तो वरवर शहरातला दिसतो. परंतु गावोगावच्या मंडळ्यांस व उपदेशकांस तो लागू पडतो, असे वाटल्यावरून त्याचा विचार येथे करीत आहो.

चारकोप हे मुंबईच्या उत्तर उपनगरांत, कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या बाजूस आहे. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथे लहान लहान भूखंड पाडण्यात आले. पाण्याची व मोरीची सोय सरकारने करावी आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे, अशी ती योजना होती. एक भिंत यंदा, छप्पर पुढल्या वर्षी, अशा रीतीने काटकसर करून लोकांनी तेथे घरे उभी केली. अशाच एका घरात हे बंधू राहतात. तारुण्यात ते घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते. घोड्याची चाल, त्याचा दम, त्याचा स्वभाव हे सर्व त्यांस पाठ आहे. ते स्वतः एक पैसाही शर्यतीवर लावीत नाहीत. परंतु शनिवारी संध्याकाळी शेजारी शर्यतीचे पुस्तक घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात आणि विचारतात, “काका, उद्या कोण येईल?” काका चष्मा लावून पुस्तक वाचतात आणि आपले मत सांगतात. पुष्कळदा ते खरे ठरते. परंतु एका रविवारी ते खोटे ठरले, आणि एका शेजाऱ्याने मुलीच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेली रक्कम महालक्ष्मीच्या मैदानावर गमावली. “मी पैसा लावला नाही, घेतला नाही, खोटेही बोललो नाही. मग माझे मन मला का खाते?” असा ह्या बंधूंचा प्रश्न आहे.

ज्या वाचकांनी महालक्ष्मी पाहिले नाही त्यांच्याकरिता दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुंबईच्या शर्यती पूर्वी भायखळ्यास होत असत. १८८३ साली त्या महालक्ष्मीच्या मैदानावर आल्या. साधारणतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथे आणि पावसाळ्यात पुण्यास शर्यतींचा हंगाम असतो. १९४३ साली सुरू झालेली ‘इंडियन डर्बी’ ही मोठी शर्यत बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. कांदिवलीस धीम्या लोकलमध्ये बसले की ती थेट महालक्ष्मी स्थानकावर नेऊन सोडते. तात्पर्य, उपासनेचा दिवस आणि शर्यतीचा दिवस पुष्कळदा एकच येतो, आणि मार्ग सोपा आहे.

आता हे भाकीत कसे करतात ते पाहू. दिवसाच्या पत्रकात सहा-सात किंवा अधिक शर्यती असतात. प्रत्येक घोड्यापुढे त्याने वाहावयाचे वजन, स्वाराचे नाव, शिक्षकाचे नाव आणि मागील शर्यतींतील क्रमांक छापलेले असतात. जाणता मनुष्य पाहतो की, हा घोडा १००० मीटरच्या धावेत चपळ आहे, पण २४०० मीटरच्या डर्बीस त्याचा दम पुरेल काय? सकाळच्या सरावात तो मोकळा धावला की चाबकाने धावला? मागच्या खेपेस तो हरला तो दुर्बळ म्हणून, की वाट अडली म्हणून? जमीन कठीण आहे की मऊ? ह्या सर्वांचा मेळ घालून तो म्हणतो, “पहिला बहुधा हा, त्यामागून तो, आणि अवचित आला तर तिसरा.” वर्तमानपत्रांतही शर्यतीच्या दिवशी अशीच निवड छापून येते.

असा अंदाज बांधणे हे पाप आहे काय? नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो. बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात, खूर व खांदा पाहून तो नांगराला टिकेल की नाही हे ठरवितो. नक्षत्र आणि वारा पाहून तो पेरणीची वेळ धरितो. वैद्य नाडी पाहून रोग्याविषयी आपले मत सांगतो. न दिसणाऱ्या उद्याविषयी विचार करण्याची बुद्धी देवानेच मनुष्यास दिली आहे. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही असा निर्णय दिला की, घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मुख्य आहे, ती केवळ नशिबाची गोष्ट नव्हे. ह्या निर्णयाशी आमचे भांडण नाही. परंतु न्यायालयापुढील प्रश्न एक आणि विवेकापुढील प्रश्न दुसरा. कौशल्य आहे की नाही, हे न्यायालय पाहते. ते कौशल्य शेजाऱ्याचे काय करते, हे विवेकाने पाहावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पुष्कळ शर्यती अशा रचलेल्या असतात की अंदाज चुकावाच. त्यांस ‘हँडिकॅप’ म्हणतात. जो घोडा अधिक चांगला त्याच्या पाठीवर अधिक वजन. जो कमी त्यास थोडे. स्वार हलका असला तर खोगिरात शिसे घालून ते वजन पुरे करितात. सर्व घोडे एकाच वेळी शेवटच्या खांबाशी पोहोचावेत, हे वजन ठरविणाऱ्याचे ध्येय असते. म्हणजे जाणत्याच्या ज्ञानावर ज्ञानानेच माती टाकलेली असते. उरते ते ‘बहुधा’. आणि ह्या ‘बहुधा’वर घरखर्चाचा पैसा जातो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती हिशेबाने समजते. ‘टोट’ म्हणून जी पद्धत आहे तीत सर्वांचे पैसे एका राशीत पडतात. त्यातून व्यवस्थेचा व सरकारचा भाग काढून घेतात, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटतात. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी १० रुपये लाविले. रास झाली १००० रुपयांची. हिशेबापुरते मानू की त्यातून २०० कापले गेले, उरले ८००. जिंकलेल्या घोड्यावर पन्नास जणांनी पैसे लाविले असतील, तर प्रत्येकास १६ मिळतील. परंतु आमच्या काकांची टीप उत्तम आहे, ती कानोकानी पसरली, आणि त्याच घोड्यावर ऐंशी जणांनी पैसे लाविले, तर? प्रत्येकास १० मिळतील, म्हणजे ज्याचे त्यास परत. आणि सर्व शंभर जणांनी तिचाच आधार घेतला, तर प्रत्येकास ८ मिळतील. घोडा जिंकला, टीप खरी ठरली, आणि शंभरही माणसे दोन-दोन रुपये हरून घरी गेली! आम्ही कापणी थोडी धरली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून डावाच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आकारण्याचे ठरले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० टक्क्यांवर नेण्यात आला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

ह्या साध्या गणितात आम्हांस सर्व प्रश्नाचे मर्म दिसते. जगात दोन प्रकारचे ज्ञान आहे. एक असे की, वाटले तरी कमी होत नाही. विहिरीचे पाणी उकळून प्यावे, हे एका घराने दुसऱ्यास सांगितले, तर दोन्ही घरची लेकरे वाचतात. कोणते बियाणे आपल्या जमिनीस मानवते, हे सांगितल्याने सांगणाऱ्याचे पीक घटत नाही. आणि ज्या शुभवर्तमानासाठी आमचे उपदेशक उन्हातान्हात गावे फिरतात, ते तर वाटल्यानेच वाढते. दुसरे ज्ञान असे की, शेजाऱ्यास ठाऊक नसेल तोवरच त्यास मोल. घोड्याची टीप ह्या दुसऱ्या जातीची आहे. ती सर्वांस दिली तर कोणाच्याच कामाची नाही. ती थोड्यांच्या कामी येते ती बाकीचे चुकतात म्हणूनच. म्हणून टीप घेणाऱ्याने, ओठांनी नव्हे तरी मनाने, दुसऱ्याच्या चुकीची इच्छा धरावी लागते. शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती करावी अशी ज्याला आज्ञा आहे, त्याने ही इच्छा घेऊन प्रभूच्या मेजाशी कसे यावे?

कोणी म्हणतील, “शेतकरीही पावसावर डाव लावितोच, व्यापारीही भावावर लावितो.” फरक असा की, शेतकऱ्याचा डाव साधला म्हणजे जेथे एक दाणा होता तेथे कणीस येते; त्याच्या शेजाऱ्याचे शेत त्यामुळे ओसाड पडत नाही. व्यापारी माल जेथे आहे तेथून जेथे नाही तेथे नेतो; तो साठा करून लोकांस उपाशी ठेवील तर त्यालाही हाच दोष लागेल. शर्यतीच्या राशीत मात्र नवा दाणा पडत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात, आणि वाटेत कापणी. दुसरे कोणी म्हणतील, “ह्या शर्यतींवर मोतद्दार, नालबंद, स्वार अशा कित्येकांची पोटे भरतात.” हे खरे आहे, आणि त्यांच्या श्रमाचा आम्ही अनादर करीत नाही. आमचे काका त्यांतलेच होते. घोड्याची सेवा करणाऱ्याने मजुरी घेतली, ती घामाची आहे. आमचा प्रश्न त्या मजुरीविषयी नाही.

पवित्र शास्त्रातही चिठ्ठ्या टाकल्याचे दाखले आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली. तेथे कोणाचे काही गेले नाही आणि मंडळीस सेवक मिळाला. वधस्तंभाखाली शिपायांनीही चिठ्ठ्या टाकल्या. तेथे मरणाऱ्याचे वस्त्र कोणास मिळावे हा प्रश्न होता. चिठ्ठी तीच, पण एकीकडे सेवा आणि दुसरीकडे दुसऱ्याच्या नागवणुकीतून लाभ. ज्यांच्या घरी पूर्वजांच्या कथा अजून सांगितल्या जातात, त्यांस द्यूतात धर्मराजाने राज्य व द्रौपदी गमावल्याची गोष्ट ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही एका जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि त्याला शेवटी शेताकडेच परत पाठविले आहे. ही वेदना सर्व लोकांस ठाऊक होती.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांनी खोटे सांगितले नाही, हे खरे. परंतु जो बोलतो त्याने आपला शब्द कोणत्या कानात पडतो हे पाहिले पाहिजे. ते म्हणाले, “बहुधा हा येईल.” फीची रक्कम हातात घेऊन उभ्या असलेल्या बापाने ऐकले, “हा येईल.” ‘बहुधा’ हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी राहिला, आणि नुकसान ऐकणाऱ्याच्या घरी गेले. टीप खरी ठरली तर काकांस मान. खोटी ठरली तर दुसऱ्याच्या मुलीची शाळा. ज्या सल्ल्यात मान आपला आणि हानी दुसऱ्याची, तो सल्ला देणारा निर्दोष आहे असे आम्हांस म्हणवत नाही. त्यांचे मन त्यांस खाते ते ह्याचमुळे, आणि असे मन देवाचे दान आहे.

मग त्यांनी काय करावे? आम्ही त्यांस घोडे विसरावयास सांगत नाही. ओट्यावर बसावे, मुलांस घोड्याची गोष्ट सांगावी, रोगी घोडा कसा ओळखावा व मुका प्राणी प्रेमाने कसा वळतो हे शिकवावे. हे ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. परंतु पुस्तक घेऊन शेजारी आला म्हणजे घोड्याचे नाव सांगण्याऐवजी वरचा शंभर माणसांचा हिशेब त्यास करून दाखवावा. जाणत्याच्या तोंडून तो हिशेब जितका पटेल तितका आमच्या लेखातून पटणार नाही. आणि त्या मुलीच्या फीचा काही भार स्वतः उचलता आला, तर पश्चात्तापाला हात-पाय फुटतील.

उपदेशक बंधूंनो, हा विषय आपल्या गावात नाही असे समजू नका. बैलगाडा शर्यतींस १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता कायम केली. त्या पाहण्यात दोष नाही, पण घाटाच्या कडेला बैलांवर पैसे लागतात तेथे तोच प्रश्न उभा असतो. आणि दुसऱ्यास बोलण्यापूर्वी आपले अंगण झाडावे. हंगामाच्या सणात मंडळीच्या निधीसाठी सोडतीची तिकिटे आपण विकतो काय? “देवाला एक द्या, तो दहा देईल,” असे सांगून आपण गरिबाच्या हातचे अर्पण घेतो काय? तीही टीपच आहे, आणि तीही सांगणाऱ्याचे काही न जाता ऐकणाऱ्याच्या घरचे नेते.

हरलेल्या माणसास रागावू नका. तो लाजेने आधीच वाकलेला असतो. त्याच्या घरी जा, कर्ज किती आहे ते विचारा, बायकोसमोर त्याचा पाणउतारा करू नका, आणि पुढच्या रविवारी त्याला आपल्याबरोबर उपासनेस आणा. पौलाने करिंथकरांस लिहिताना धावण्याच्या शर्यतीचाच दृष्टांत घेतला आहे. परंतु त्या शर्यतीत मनुष्य स्वतः धावतो, दुसऱ्याच्या धावण्यावर पैसे लावीत नाही. शिवाय ख्रिस्ताच्या शर्यतीत एकाने पल्ला गाठला म्हणून दुसऱ्याचे बक्षीस कमी होत नाही. चारकोपच्या आमच्या बंधूस व त्याच्या शेजाऱ्यास प्रभू ह्याच धावेत एकमेकांचा हात धरून चालवो.