भरतीत बुडणारा नकाशा

हरिहरेश्वरला प्रदक्षिणा घालायची तर मुहूर्ताआधी ओहोटीची वेळ पाहावी लागते. वाट देवळामागून डोंगर चढते, खडकाच्या अरुंद घळीतल्या पायऱ्यांनी समुद्राशी उतरते आणि लाटांनी पोखरलेल्या कातळावरून वळसा घालून परत येते. भरतीत ती पाण्याखाली जाते. ब्रह्माद्री, पुष्पाद्री, हर्षिनाचल आणि हरिहर ही इथल्या चार डोंगरांची नावे. उंचीने पाहिले तर त्या केवळ टेकड्या. तरी ही वाट म्हणजे पायांनी काढलेला जगाचा नकाशा आहे, असे मला वाटते.

पवित्र पर्वत मधोमध ठेवून जग मांडण्याची कल्पना पुराणांतल्या जंबुद्वीपात आहे. तिथे केंद्र मेरूचे. कोरियात सतराव्या शतकापासून निघालेल्या ‘चोन्हादो’ या गोल नकाशांत मध्यभागी कुनलुन, भोवती भूमी, मग समुद्र, मग कड्यासारखी पुन्हा भूमी आणि पुन्हा समुद्र. याला अज्ञान म्हणावे, तर युरोपीय धर्मप्रसारक मात्तेओ रिच्चीचा १६०२चा जगाचा नकाशा पुढच्याच वर्षी कोरियात पोचला होता. नवी खंडे ठाऊक झाल्यावरही हे गोल नकाशे निघत राहिले. १६४४मध्ये मिंग घराणे कोसळल्यावर सभ्यतेचा वारसा आपल्याकडे आला असे मानणाऱ्या समाजाला अंतरांपेक्षा आपले स्थान मांडण्याची निकड अधिक असणार. पुढे किम जोंग-होने १८६१मध्ये देशाचा तपशीलवार नकाशा छापला, त्यातही डोंगररांगा बेकदू पर्वतापासून फुटलेल्या फांद्यांसारख्या सलग धावतात. मोजणी आली म्हणून पर्वताचे पावित्र्य गेले नाही.

कोकणात मात्र केंद्र उसने आणलेले आहे. हरिहरेश्वर ‘दक्षिण काशी’. पण पैठण, वाई, कोल्हापूर यांनाही तेच बिरुद लावतात, मग याला अर्थ काय उरला? मला वाटते, अर्थ नेमका इथेच आहे. मेरू हलवता येत नाही, काशी हलवता येते, कारण ती इथे जागेपेक्षा मांडणी म्हणून येते. काशीचा कोतवाल काळभैरव. हरिहरेश्वरलाही आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे. गंगेच्या जागी सावित्री, महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळणारी. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हरिहरेश्वर पेशव्यांचे कुलदैवत, म्हणून हे सगळे माहात्म्य त्यांच्या वैभवाने वाढले. वाढले असेलही. पण कुलदैवत पदाबरोबर मिळत नाही, ते घराण्यातून येते. बाळाजी विश्वनाथ १७१३मध्ये पेशवे झाले, ते श्रीवर्धनच्या भटांचे कुलदैवत पाठीशी घेऊनच. आणि सत्तेनेच नकाशा ठरवायचा असता तर इथे जंजिऱ्याच्या सिद्दीची मोहोर उमटायला हवी होती. बाळाजींना सिद्दीच्याच त्रासाने श्रीवर्धन सोडावे लागले, आणि १९४८च्या विलीनीकरणाच्या वेळीही हा मुलूख जंजिरा संस्थानातच होता. कागदावर जंजिरा, पायाखाली काशी.