सखूच्या जागी कोण?

जामसांवलीचा हनुमान आडवा आहे. सौंसर तालुक्यातल्या या देवस्थानात, पिंपळाच्या सावलीत, मूर्ती चक्क पहुडलेली. रामाच्या चाकरीत ज्याने कधी सुटी मागितली नाही, तोच इथे विसावलेला दिसतो. आख्यायिका मात्र त्याला तेवढाही आराम देत नाही. जमिनीतला खजिना चोरांच्या हाती लागू नये म्हणून उभा मारुती त्यावर आडवा झाला, असे सांगतात. म्हणजे तीही ड्यूटीच!

मनाच्या दुखण्याने गांजलेल्या माणसांना घेऊन नातेवाईक इथे येतात, मुक्कामाला राहतात. बरोबर आलेला सरकारी नोकर असेल, तर देवापुढे हात जोडतानाही त्याच्या डोक्यात शिल्लक रजेचा हिशेब चालू असणार. हाती घेतलेले काम मध्येच थांबवणे धर्माला मान्य आहे का?

आश्रमव्यवस्थेत उत्तर सोपे होते. आधी संसार, मग वानप्रस्थ. पण आईचे आजारपण किंवा मुलाची दहावी निवृत्तीपर्यंत थांबत नाही. मधेच उठावे लागते.

वारकरी परंपरेने हा पेच जास्त नेमका ओळखला. कऱ्हाडच्या सखूची कथा घरोघरी ठाऊक आहे. सासरच्यांनी खांबाला बांधलेली सखू पंढरीला गेली, आणि विठ्ठल तिच्या रूपात तिच्या घरी राबला. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक व्यवहार उरतो. सखूला जाता आले, कारण तिच्या वाटचे दळण दुसऱ्या कुणीतरी दळले.

सरकारी रजेच्या नियमांत हा विठ्ठल सहसा नसतो. सहाव्या वेतन आयोगानंतर, 2008 मध्ये, केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी 730 दिवसांची रजा मिळाली. पुढे एकल पित्यांनाही ती लागू झाली. पण त्यातल्या दुसऱ्या 365 दिवसांना पगार 80 टक्के. महाराष्ट्राने 2018 मध्ये 180 दिवस दिले. अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष असताना स्टेट बँकेने महिलांसाठी दोन वर्षांपर्यंतची रजा आणली. जागा राखून ठेवली जाते, हे मोठेच. पण टेबलावरच्या फायली? त्या शेजारच्या टेबलावर सरकतात. मग तिथली बाई, तीही बहुधा कुणाची तरी आई, रजेवर गेलेलीचा राग करते. हा राग खरे तर रिकाम्या जागांवर निघायला हवा.

उलट टोकही पाहण्यासारखे आहे. 2020 च्या जुलैमध्ये, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने सहा महिने ते दोन वर्षांच्या, पाच वर्षांपर्यंत वाढवता येणाऱ्या बिनपगारी रजेची योजना काढली. कर्मचाऱ्याची कार्यक्षमता, प्रकृती वगैरे पाहून त्याला सक्तीने अशा रजेवर पाठवण्याचा अधिकारही व्यवस्थापनाला मिळाला. याला विसावा म्हणणे म्हणजे सखूला घराबाहेर काढून तीर्थयात्रेला पाठवल्याचे सांगणे होय.

म्हाताऱ्या आईबापांचा प्रश्न तर अजून चतकोर रजेवरच भागवला जातो. 2025 च्या जुलैमध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले, की वर्षाला मिळणारी 30 दिवसांची अर्जित रजा वृद्ध पालकांच्या सेवेसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते. त्याच तीस दिवसांत लग्नकार्य आणि आईला घेऊन जामसांवलीचा मुक्कामही बसवायचा.