टिपण कोणाचें?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत माझ्या एका स्नेह्यांचा यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना आहे. तेथील वृद्ध टर्नर कोणत्या धातूस कोणतें टूल लावावें, कट किती घ्यावा, हें सारें खिशांतल्या तेलकट वहींत टिपून ठेवी. मालकांच्या चिरंजीवांनीं तीं टिपणें मोबाईलवर उतरविण्याचें योजिलें, आणि वाद निघाला: अ‍ॅप कोणतें घ्यावें?

चिरंजीवांपाशीं आयफोन, कचेरींत विंडोजचा संगणक, टर्नरपाशीं अँड्रॉइड. अ‍ॅपलच्या 'नोट्स'चें अँड्रॉइडसाठीं अ‍ॅपच नाहीं. २०१३ सालीं निघालेलें गूगलचें 'कीप' व मायक्रोसॉफ्टचें 'वननोट' हीं तिन्ही ठिकाणीं उघडतात. पण ही सोय परक्याच्या ओसरीवरची. 'एव्हरनोट'नें डिसेंबर २०२३ मध्यें विनामूल्य वापरणारांस पन्नास टिपणांची मर्यादा घातली; ज्यांचीं त्याहून अधिक होतीं त्यांस जुनीं वाचतां येत, नवें मात्र पैशाशिवाय लिहितां येईना. उलट 'ऑब्सिडियन' टिपणें साध्या मजकुराच्या फायलींत आपल्याच संगणकावर वा मोबाईलवर ठेवतें; अ‍ॅप उद्यां बंद पडलें तरी त्या वाचतां येतात. मला हाच भेद सर्वांत मोठा वाटतो.

टर्नरनें मात्र निराळेंच विचारलें: "साहेब, वही माझी मला परत मिळेल ना?" अ‍ॅपचें खातें चिरंजीवांच्या नांवचें. उद्यां हा गृहस्थ नोकरी सोडून गेला, तर तीस वर्षांची ही कमाई कोणाची? स्नेही म्हणतात, यंत्र माझें, वेळ माझा, शिकतांना वायां गेलेलें लोखंडहि माझेंच. यांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. पण मजुरी देऊन काम विकत घेतलें. तें करतां करतां हातास जें उमगलें, तेंहि त्याच सौद्यांत येतें काय?

जवळच इंद्रायणी आहे. देहूस तुकोबांच्या वह्या तिच्यांत बुडविल्या गेल्या. त्या तरल्या असें भाविक म्हणतात, अभंग लोकांना मुखोद्गत होते असें चिकित्सक म्हणतात. चाकणच्या संताजी जगनाड्यांनीं ते लिहून ठेवले, म्हणून ते संताजींचे झाले असें कोणी म्हटलें नाहीं. अनेकांपाशीं होते म्हणूनच ते वांचले. तेव्हां मालकांनीं टिपणें खुशाल ठेवावींत, परंतु एक प्रत साध्या फायलींत टर्नरच्या मोबाईलवरहि असावी, असें मीं सुचविलें. स्नेह्यांना तें रुचलें नाहीं. "ती घेऊन तो उद्यां दुसऱ्याच्या दारांत उभा राहील," ते म्हणाले. राहीलहि. वही नेण्यापासून तरी त्यास कोणी अडविलें असतें?

परवां गेलों तेव्हां वही त्याच्या खिशांत दिसली. तींत नवीं पानें भरलेलीं होतीं. अ‍ॅपांत तीं उतरलीं कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं.