घराण्याचें नांव

“आमच्या घराण्यांत असें कधीं घडलें नाहीं,” हें वाक्य वडील माणसांच्या तोंडून ऐकलें नाहीं असा वाचक विरळा. आडनांव म्हणजे जणूं पूर्वजांची आज्ञाच! पण ती आज्ञा नेमकी कोणती, असें विचारलें कीं उत्तर देणें कठीण पडतें. युक्रेनमधील शेप्तित्स्की घराण्याचा वृत्तांत वाचल्यापासून मला तर तें फारच कठीण वाटूं लागलें आहे.

हें गॅलिशियांतील जुनें सरदार घराणें. पोपास मानणारें, परंतु पूर्वेकडील पद्धतीनें उपासना करणारें जें ग्रीक-कॅथॉलिक चर्च, त्यास ह्या घराण्यानें अठराव्या शतकांत अनेक धर्माध्यक्ष दिले. पुढें मात्र घर पुरतें पोलिश झालें. १८६५ सालीं जन्मलेल्या रोमानची आई तर पोलिश नाटककार फ्रेड्रो यांची कन्या. ह्या रोमाननें १८८८ सालीं मठांत जाऊन आंद्रेय हें नांव धारण केलें व तो पणजोबांच्या पंथांत परतला. १९०१ पासून १९४४ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते ल्विव्हचे महाधर्माध्यक्ष होते. पुष्कळ पोलिशांना ते घरभेदे वाटले, आणि कांहीं युक्रेनियनांना आरंभीं पोलिशांचे हस्तक! त्यांचा पाठचा भाऊ स्तानिस्लाव पोलिशच राहिला. १९१८ च्या नोव्हेंबरांत ल्विव्हसाठीं दोन्ही राष्ट्रें लढूं लागलीं, त्याच महिन्यांत तो पोलिश सेनेचा प्रमुख अधिकारी झाला.

मग कुळाचें नांव राखलें कोणीं? एकानें पणजोबांस साक्षीस बोलावलें, दुसऱ्यानें आईबापांस. साक्षीदार दोघांसही मिळाले. मला तर वाटतें, निर्णय आधीं होतो आणि पूर्वज मागाहून शोधले जातात. तसें उघड म्हणण्याचें धैर्य मात्र आपणांस नसतें.

तरी नांव अगदींच पोकळ नाहीं. तिसरा भाऊ लेओन वडिलोपार्जित वाड्यांतच राहिला. १९३९ सालीं सोव्हिएत पोलिसांनीं त्यास ठार केलें. तो पोलिश कीं युक्रेनियन, ह्याची त्यांना काय पर्वा? जमीनदार शेप्तित्स्की एवढें पुरे होतें.

१९४१ सालीं आंद्रेय यांनीं जर्मन सेनेचें स्वागत केलें. ही चूक लहान नव्हे, व त्यांच्या भक्तांनीं ती झांकूं नये. पण पुढल्याच वर्षीं त्यांनीं मनुष्यवधाविरुद्ध पत्र काढलें, आणि मठांतून ज्यूंना आसरा दिला. ह्या कामीं चौथा भाऊ क्लिमेंती त्यांचा उजवा हात होता. तो १९५१ सालीं व्लादिमिरच्या तुरुंगांत वारला. उनिव्हच्या मठांत लपलेला एक मुलगा, आदाम रोटफेल्ड, २००५ सालीं पोलंडचा परराष्ट्रमंत्री झाला.

ह्या मुलांना वांचवण्यासाठीं बाप्तिस्म्याचे खोटे दाखले करावे लागले. ज्यांच्या कुळाचें नांव शतकानुशतकें गाजलें, त्यांच्याच आश्रयाखालीं मुलें परकीं नांवें पाठ करीत होतीं, आणि स्वतःचें नांव ओठांवर येऊं नये म्हणून जपत होतीं.