दुधाला पर्याय आणि दुधाची गरज

गांधीजी आणि त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडले. त्यामागे दोन कारणे होती आणि ती एका जातीची नव्हती. दूध विकार चाळवते, म्हणून ते ब्रह्मचर्याला बाधक, हे पहिले. दुसरे कारण कलकत्त्याहून आलेल्या वाचनातून पुढे आले: गाई-म्हशींनी शेवटच्या थेंबापर्यंत पान्हा सोडावा म्हणून तिथले गवळी ‘फुंका’ची क्रूर रीत वापरत. सोया, बदाम, ओट, नारळ यांच्या दुधाची पारख यांपैकी कोणत्या कारणाच्या बाजूने करायची, यावर तिचा निकाल बराचसा ठरतो.

हिंसा टाळायची असेल तर पर्याय जितका दुधासारखा लागेल तितका बरा. माणसे कुरकूर न करता बदल स्वीकारतात. संयम साधायचा असेल तर हुबेहूब चवीचा पर्याय उलट संशयास्पद ठरतो, कारण जिभेची ओढ जागच्या जागी राहते. गांधींच्या आश्रमात अस्वाद हे व्रतच होते, त्यामुळे तिथे चवीची तक्रार दाखलच होत नाही. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी वाचकांना एक विनंती केली आहे: दुधाइतका पोषक आणि पचायला तितकाच हलका असा वनस्पतीतला पर्याय कोणाला पुस्तकातून नव्हे, स्वानुभवातून ठाऊक असेल तर कळवावा. कसोट्या दोनच. चवीचा उल्लेख नाही.

ही विनंती हौसेखातर केलेली नव्हती. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. त्यातच आमांश झाला आणि प्रकृती पार खालावली. मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. दूध सोडण्याचे व्रत गाई-म्हशींच्या हालांवरून घेतले असेल तर शेळीच्या दुधाला हरकत काय, असे कस्तुरबांनी सुचवले आणि गांधींनी ते मानले. व्रताचा शब्द राहिला, प्राण गेला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. सत्याग्रहाची लढाई समोर होती आणि तिच्यासाठी जगण्याची ओढ व्रतावर मात करून गेली.

धर्मशास्त्र अशा वेळी आपद्धर्माचा आधार देते. पण आपद्धर्म आपदेपुरताच असतो. पथ्याचा पर्याय हाताशी असूनही दूध घेतले, तर ती आपदा राहत नाही, आवड होते. म्हणूनच पर्याय किती उपयोगी आहे, हा प्रश्न दिसतो तितका स्वयंपाकघरापुरता नाही. आपद्धर्माची सबब कुठपर्यंत टिकते, ते त्यावर ठरते. (आवड असणे हा गुन्हा नव्हे, तिला गरज म्हणणे मात्र खोटे आहे.)

पोषणात सोयाबीन सर्वांत पुढे आहे. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे सव्वातीन ग्रॅम प्रथिने असतात, साध्या सोया दुधात तीनच्या आसपास. बाजारातल्या बदाम दुधात बहुधा एक ग्रॅमही नसते. ते महागडे पाणीच म्हणावे. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, प्रथिने थोडी. वर्ध्याला गांधींच्या मगनवाडीत १९३५ साली सोयाबीनचे प्रयोग झाले, त्यामागे हीच प्रथिने होती. पण पचनाच्या कसोटीवर सोयाबीन कच्चेपणी नापास होते. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि ते जाण्यासाठी दूध नीट उकळावे लागते. इथे हमखास फसगत होते: खरी उकळी येण्याआधीच पातेल्यात फेस काठापर्यंत चढतो. तो पाहून दूध उतरवले तर ते अर्धकच्चे राहते. आच कमी करून, ढवळत, पुढे आणखी दहा-पंधरा मिनिटे उकळावे लागते. भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटले की येणारा उग्र वास दाण्यातल्याच एका विकराचा. कढत पाण्यात वाटल्यास तो बराच कमी होतो.

चवीचा निवाडा पदार्थागणिक बदलतो. उकळलेल्या चहाचा तुरटपणा दुधातले केसीन बांधून ठेवते. बदामाच्या दुधाला ते जमत नाही. ओटचे दूध गोडसर लागते, कारण ते तयार करताना विकरांनी पिष्ट फोडून त्याची साखर केलेली असते. आंबटसर कॉफीत सोया फाटते. सोलकढीतल्या नारळाच्या दुधाला मात्र कोणी गाईच्या दुधाशी ताडून पाहत नाही. ते कशाच्या बदली आलेलेच नाही.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ साली लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात गांधींनी दुधाला प्राणिज अन्न ठरवले आणि दूध चालणाऱ्याला निर्बीज अंडेही चालायला हवे, इथपर्यंत तर्क नेला. पर्याय मात्र त्यांना सापडला नाही. त्या शोधातला एक दुवा तेव्हा कोणत्याच डॉक्टरच्या हाती नव्हता: ब-१२ जीवनसत्त्व प्रथम वेगळे काढले गेले ते १९४८ साली, गांधींच्या मृत्यूच्या वर्षी. दुधात ते असते, वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही. आज ब-१२ आणि कॅल्शियम घातलेले सोया दूध निरोगी प्रौढाची गरज भागवू शकते, त्यामुळे त्याच्यापुरती आपद्धर्माची सबब संपते. वर्षाच्या आतल्या बाळाला हे लागू नाही. त्याला आईचे दूध किंवा त्याच्यासाठीच बनवलेले बालान्न लागते, घरचे सोया दूध चालत नाही. आणि ज्याला तयार खोका परवडत नाही, त्याने घरी केलेल्या स्वस्त दुधात प्रथिने मिळतील, ब-१२ नाही. ते गोळीतून वेगळे घ्यावे लागेल.