उषस्तीने नाकारलेलं पाणी

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट येते. गारपिटीने कुरुदेशातली पिकं गेली होती आणि उषस्तीच्या घरात अन्नाचा कण नव्हता. हलके उडीद खात बसलेल्या एका माणसाकडून त्याने उष्टे उडीद मागून घेतले आणि खाल्ले. मग त्या माणसाने उष्टं पाणीही पुढे केलं. ते मात्र उषस्तीने घेतलं नाही. उडीद खाल्ले नसते तर जीव गेला असता, पाणी मला कुठेही मिळेल, असं त्याने सांगितलं.

आपद्धर्माची हद्द इतक्या नेमकेपणाने क्वचितच आखली गेली असेल. सवलत आहे, पण गरजेपुरती. मधुमेहावरच्या इन्सुलिनच्या शंभर वर्षांत, निषिद्ध वस्तू गरजेपुरती चालते का आणि कुठवर, हाच प्रश्न वेगवेगळ्या धर्मांच्या दारात उभा राहिला.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला जे पहिलं इंजेक्शन दिलं, ते गुरांच्या स्वादुपिंडाच्या अर्काचं होतं. पुढची साठेक वर्षं इन्सुलिन गुरांपासून आणि डुकरांपासूनच मिळत असे. आठ औंस शुद्ध इन्सुलिन काढायला डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमायनो आम्लाने वेगळं, गाईचं तिनांनी. गाईला माता मानणाऱ्या देशात गाईचं इन्सुलिन सर्रास टोचलं गेलं. ज्यू धर्मशास्त्राने टोचणं म्हणजे खाणं नव्हे आणि जीव वाचवणं जवळजवळ सर्व नियमांच्या वर, असा निर्वाळा दिला. कुराणातही निरुपाय झालेल्याला निषिद्ध वस्तूची मुभा आहे. मात्र ती हौसेने घ्यायची नाही आणि मर्यादाही ओलांडायची नाही. उषस्तीने तरी वेगळं काय केलं?

1982 साली जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. 1996 मध्ये लिस्प्रो आणि त्यानंतर काही वर्षांत अ‍ॅस्पार्ट ही जलद काम करणारी इन्सुलिनं आली. अ‍ॅस्पार्ट तर यीस्टकडून बनवून घेतात. म्हणजे पाणी आता दुसरीकडे मिळू लागलं. मग जुनी सवलत संपली का?

तत्त्वतः संपली. पण पाणी ‘मिळतं’ हे ठरवायचं कोणी? ब्रिटनमध्ये प्राण्यांचं इन्सुलिन सोडून मानवी इन्सुलिनवर गेलेल्या काही रुग्णांनी तक्रार केली की, रक्तातली साखर उतरताना पूर्वी मिळणारी घाम-थरथरीची सूचना आता मिळत नाही. पुढे झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत दोहोंत तसा ठोस फरक आढळला नाही. तरीही काही जण जुन्यावरच राहिले आणि मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीच्या तिथल्या शाखेने डुकराचं इन्सुलिन पुरवणं पुढे बरीच वर्षं चालू ठेवलं. हे योग्यच झालं. पर्याय कागदावर असून भागत नाही, तो त्या माणसाच्या अंगाला आणि खिशाला मानवावा लागतो. भारतात जुनं रेग्युलर, म्हणजे साधं मानवी इन्सुलिन अजूनही नव्या जलद इन्सुलिनपेक्षा बरंच स्वस्त आहे, ही बाब धर्मचर्चेतही विसरता येणार नाही.

रेग्युलरवरून जलद इन्सुलिनवर गेल्याने धार्मिक दिनक्रमही सोपा होतो. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचावं लागतं. गणपतीत टोचून झालं आणि आरत्या लांबल्या, नैवेद्याला उशीर झाला, की साखर घसरते. जलद इन्सुलिन पान वाढल्यावर घेता येतं. रमजानमध्ये सूर्यास्ताला उपवास सोडताना रेग्युलरऐवजी लिस्प्रो देऊन पाहिलेल्या अभ्यासांत जेवणानंतरची साखर कमी चढली आणि ती एकाएकी खाली जाण्याचे प्रसंगही कमी झाले. इन्सुलिन टोचल्याने रोजा मोडत नाही, असं बहुतेक आधुनिक इस्लामी धर्मशास्त्रज्ञ मानतात. आजारी माणसाला तर कुराणानेच उपवासातून सूट दिली आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावं की साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. जलद इन्सुलिन असलं तरी त्याचा हिशेब चुकवता येत नाही.

बदल करताना खरा धोका सिरिंजमध्ये असतो. आपल्याकडच्या जुन्या बाटल्या बहुधा दर मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, तर नवी इन्सुलिनं 100 युनिटची. 40 च्या सिरिंजला लाल टोपण, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर अडीचपट डोस अंगात जातो. श्रद्धेपोटी असो वा सोयीसाठी, इन्सुलिन बदलायचं असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच बदला, पहिले काही दिवस साखर वरचेवर तपासा आणि बाटलीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी दर वेळी ताडून पाहा.